लाईनपारचा नाताळ आणि त्यानंतरची संक्रांत

नागपुरात थंडी आली की आधी स्वेटरवाल्यांना कळतं, मग संत्र्यांना आणि सगळ्यांत शेवटी आम्हाला. दिवाळीचा फराळ आम्ही पंख्याखाली बसून खातो आणि मग एका सकाळी नळाचं पाणी अचानक हाताला चावतं. यंदाही तसंच झालं. दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या फ्लॅटच्या दाराशी दिवाळीचा आकाशकंदील अजून लोंबत होता आणि त्याच खिळ्याला कुणीतरी कागदाची चांदणी अडकवली होती. समोर राहणाऱ्या मुलीला विचारलं, "नाताळची का गं?" ती हसून म्हणाली, "हो काकू. कंदील काढायचा कंटाळा आला, म्हटलं राहू देत दोन्ही." मला फार बरं वाटलं. सणांचा निम्मा इतिहास असाच घडला असावा असा माझा जुना संशय आहे. कुणीतरी काहीतरी काढायचा कंटाळा करतं आणि पुढच्या पिढीला ती रीत वाटू लागते.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण ही खोड नोकरीच्या आधीची. 'हे कुठून आलं?' हा प्रश्न मला लहानपणापासून चावत असे. करंजीला चंद्रकोरीचाच आकार का, संक्रांतीला काळं का नेसायचं, हुरड्याबरोबर तिळाची चटणी पहिल्यांदा कुणाला सुचली. आई वैतागायची. "या पोट्टीले जेवायले वाढलं तं वरणाचं खानदान इचारते," असं ती शेजारणींना सांगायची, आणि पाठोपाठ स्वतःच्या आजीचं वरण कसं वेगळं होतं ते तपशीलवार सांगत बसायची. खोड कुठून आली ते यावरून कळावं.

तेव्हा आम्ही लाईनपार राहायचो. लाईनपार म्हणजे रुळांच्या पलीकडे. मजा अशी की रुळांच्या त्या बाजूचे लोक आम्हाला लाईनपारचे म्हणत आणि आम्ही त्यांना. आमच्या बाजूला सगळी रेल्वेवर पोट असलेली माणसं: ड्रायव्हर, फिटर, गँगमन आणि माझ्या बाबांसारखे मालधक्क्यावरचे कारकून. आमचं मूळ गाव कुहीकडचं, त्यामुळे घरात पोत्यानं तांदूळ असायचा. पुढच्या ओळीत ख्रिस्ती कुटुंबं होती, मागच्या गल्लीत बौद्ध कुटुंबं होती, आणि मध्ये आमच्यासारखी. शेगडीचा कोळसा मात्र सगळ्यांकडे सारखाच. थंडीच्या संध्याकाळी त्याचा धूर वर न जाता गल्लीत बसून राहायचा, आणि त्या धुरातून इंजिनाची शिटी आली की ती जवळची आहे की लांबची हे भल्याभल्यांना सांगता यायचं नाही.

ड्रायव्हरच्या घराची आमच्याकडे एक खूण असे. माणूस रात्रीची गाडी ओढून आला आणि दिवसा झोपला, किंवा रात्री निघायचं म्हणून संध्याकाळी आडवा झाला, की बायको दाराच्या कडीला लाल फडकं बांधायची. ते दिसलं की भाजीवाली आवाज खाली घ्यायची आणि पोट्टे गोट्यांचा डाव उचलून दुसरीकडे मांडायचे. लाल रंगापाशी थांबायचं असतं हे लाईनपारच्या तान्ह्या पोरालाही कळत होतं.

डिसेंबर लागला की शहरात अधिवेशनाचे पाहुणे आणि मोर्चे यायचे, आणि आमच्या गल्लीत नाताळची पार्टी यायची. कॅरल हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे, पार्टीच म्हणत. आठ-दहा जण, एक ढोलक, एक पेटी, टाळ आणि बांबूच्या काठीवर कंदिलासारखी चांदणी. दिवेलागणीला निघायचं, प्रत्येक दाराशी उभं राहून गायचं, आणि आतून कुणी दार उघडेपर्यंत पुढं जायचं नाही अशी रीत. दार ख्रिस्ती माणसाचं असो की आणखी कुणाचं, पार्टी जायची. गाणं एकच, मराठी, घरगुती:

दार उघडा, दिवा धरा,
पाहुणा आला थंडीचा.

पुढची कडवी म्हणजे प्रश्नोत्तरं. कोण पाहुणा, कुठून आला, काय आणलं. दार उघडलं की घरवाल्यांनी पार्टीच्या झोळीत संत्री टाकायची. आमच्याकडे ती माझ्या मामाची असत. मामा नरखेडचा. बागेतली संत्री पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकून आणायचा आणि वर म्हणायचा, "हे तं नुसते गळालेले होत." थंडीत, संध्याकाळी, गाणाऱ्या माणसांना संत्री खायला द्यायची ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल ते देव जाणे. चार घरं झाली की पार्टीतला कुणीतरी खोकायला लागायचा आणि नाताळ येईपर्यंत निम्मी पार्टी घसा धरून बसलेली असायची. तरी कुणी बंद केलं नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की साहेबाच्या काळात केक देत, केक महाग झाला म्हणून संत्री आली. दुसऱ्यानं सांगितलं की केक कधीच नव्हता. दोघांनाही पक्की खात्री होती.

चांदणीचं तर त्याहून गमतीदार. ती बनवायचा आमच्या गल्लीतला पतंगवाला. त्याच्याकडे दिवाळीला कंदिलाच्या कामट्या तासल्या जात, त्यांतल्या उरलेल्या चांदणीला लागत, आणि चांदणीचा उरलेला कागद संक्रांतीच्या पतंगांना शेपट्या लावायला. म्हणजे एकाच बांबूचे तीन धर्मांचे नव्हे, तरी तीन हंगामांचे संसार. मी त्याच्या दुकानाशी उभी राहून तासन्‌तास बघत असे. त्याला विचारलं, पहिल्यांदा काय आलं, कंदील की पतंग? तो खळ लावता लावता म्हणाला, "पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं." इतिहासाच्या पुस्तकात मला असं सरळ उत्तर पुढं कधी मिळालं नाही.

पार्टीत पेटी वाजवायच्या मार्थाकाकू. पौलसकाकांची बायको. काका ड्रायव्हर, उंच, थोडे कमी बोलणारे, आणि पार्टीतला पहिला आवाज त्यांचा. काकू ठेंगण्या, गोल आणि सतत काहीतरी तळणाऱ्या. नाताळच्या करंज्या त्यांच्याकडून शिकल्याचं आई उघड कबूल करत नसे, पण आमच्या दिवाळीच्या करंज्यांत खसखस आली ती त्यांच्यामुळेच. पट्ट्यानं पेटी गळ्यात अडकवून, उजव्या हातानं सूर आणि डाव्या हातानं भाता सांभाळत काकू गल्लीभर चालायच्या, तेव्हा पेटीच्या वर फक्त त्यांचा अंबाडा दिसायचा.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी, भाद्रपदात, काकू तापानं गेल्या. काका नुकतेच रिटायर होऊन आमच्या कोपऱ्यावर स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधून राहिले होते. मुलगा भिलाईला, त्याला रजा मिळेल तेव्हा यायचा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी काका पेटी घेऊन आमच्या दाराशी आले. मी भजनी मंडळात पेटी वाजवत असे हे त्यांना ठाऊक होतं.

"हे घे वं कुसुम," ते म्हणाले. "घरी पडून राहिली तं उंदीर खातीन."

"काका, पण ही काकूंची..."

"म्हणूनच तं देऊन राहिलो. पार्टीत वाजव. मी यंदा नाई येत."

त्या वर्षी पार्टीची धुरा काकांच्या पुतण्याकडे आली. व्हिक्टर त्याचं नाव, गिटार वाजवायचा, आणि गिटार थंडीनं सुरातून उतरली की दर पाच मिनिटांनी कान पिळायचा. ढोलक मागच्या गल्लीतल्या मिलिंदकडे. तो एप्रिलमधल्या जयंतीच्या गायन पार्टीत तयार झालेला, हात असा की ढोलक बोलतंय वाटावं. आणि पेटीवर मी. पाण्याच्या टाकीखाली पहिली तालीम झाली तेव्हा व्हिक्टर मला गाणं शिकवायला लागला आणि मी पहिल्याच फेरीत अख्खं वाजवून दाखवलं.

"तुले कसं येते?" तो म्हणाला.

"ही तं भुलाबाईच्या गाण्याची चाल आहे," मी म्हटलं. आश्विनात आम्ही पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गायचो, तीच ती, एका मात्रेचाही फरक नाही.

मिलिंद हसायला लागला. "भुलाबाईची नाई गा व्हिक्टर, हे चाल तं आमची होय. माहे आजोबा जयंतीले याच चालीवर गात."

त्या संध्याकाळी तालीम कमी आणि वाद जास्त झाला. कुणी कुणाकडून घेतली? व्हिक्टर म्हणे मिशनच्या बायकांनी रचली, मी म्हणे जात्यावरची आहे, मिलिंद म्हणे जात्यावर कोण बसायचं ते आधी सांग. शेवटी आम्ही तिन्ही गाणी एकामागून एक म्हणून पाहिली आणि गंमत म्हणजे कुठेही न थांबता ती एकातून दुसऱ्यात सरकली. थंडीचा पाहुणा भुलाबाईच्या घरी शिरला आणि तिथून थेट जयंतीच्या मिरवणुकीत निघाला. मला अजून आठवतं, टाकीतून एक थेंब माझ्या मानेवर पडला आणि मी तो पुसायचीही विसरले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी एक प्रश्न विचारला. पार्टीची एक रीत मी लहानपणापासून पाहत होते. ज्या घरात त्या वर्षी मयत झालेलं असेल, त्या घरासमोरून पार्टी मुक्यानं जायची. ढोलकावर तळवा, पेटीचा भाता बंद, चांदणीही खाली. हे कुठून आलं? व्हिक्टर म्हणाला, ग्रंथात असेल. मिलिंद म्हणाला, तुमच्या सुतकावरून आलं असणार. आई म्हणाली, "इचारायचं काय त्यात? ज्या घरी माणूस गेला त्या घरी वर्षाचा सण नसतो." तिघांची कारणं निराळी, पण निकाल एकच होता. यंदा पौलसकाकांच्या घरी मयत झालं होतं.

चोवीस तारखेला संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावर आलो तेव्हा काकांच्या दाराशी चांदणी लावलेली होती. दिवा चालू होता आणि दार किंचित उघडं होतं. व्हिक्टरनं हात वर केला. मिलिंदनं ढोलकावर तळवा दाबला. मी भाता मिटला, तरी आतली हवा एक बारीक सूर काढत बाहेर पडली. मग रस्त्यावरच्या गिट्टीवर आमच्या पायांचा आवाज तेवढा उरला. काकांच्या बायकोची पेटी गळ्यात घेऊन मी त्यांच्या दारासमोरून मुक्यानं गेले, आणि आम्हा सगळ्यांना मनापासून वाटत होतं की आपण त्यांचा मान राखतोय.

दुसऱ्या दिवशी काका चर्चला गेले नाहीत. आईनं दुपारी डबा भरून मला पाठवलं. दार लोटलेलंच होतं. आत भिंतीकडेनं शेजारपाजारहून मागून आणलेल्या खुर्च्या आणि स्टुलं गोल मांडलेली. टेबलावर परात, आणि परातीत करंज्या. कडा सुटलेल्या, काही जळलेल्या, काहींतलं सारण तेलात सांडून नुसत्या पापड्या झालेल्या. त्यांतली एकही खाल्लेली नव्हती. काका इस्त्रीच्या कोटात बसून होते. कालचाच कोट असणार, कारण पाठीवर चुरगळला होता.

"बस वं. डब्बा ठेव तिथं."

मी बसले.

"तुमी काल इकडून गेले," ते म्हणाले.

"हो काका."

"बाजा बंद करून गेले."

"यंदा तुमच्या घरी... म्हणून, काका."

"म्या काय लाल फडकं बांधलं होतं दाराले? मी झोपलो होतो काय?"

मग ते बोलले, आणि इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"हे मुक्यानं जायचं कोणी काढलं, माहीत आहे तुले? तिनंच. लग्न होऊन नवी नवी आली, तवा मी रात्रीच्या मालगाडीवर. संध्याकाळी झोपलेलो. पार्टी दाराशी आली न् ढोलक सुरू. हे बाई बाहेर गेली, ओठावर बोट ठेवून साऱ्याईले चूप केलं. म्हणे, झोपले हायेत, मुक्यानं जा. पार्टी हासत हासत मुकी गेली. दुसऱ्या वर्षी तिनं गार्डकडून फाटक्या झेंडीचं फडकं मांगून आणलं न् कडीले बांधलं. तिचं पाहून साऱ्या ड्रायव्हरच्या बायकाईनं धरलं ते."

"आणि मयताच्या घराचं?"

"थॉमस ड्रायव्हर गेला त्या वर्षीची गोष्ट. त्याच्या बायकोनं कडीचं फडकं काढलंच नाई. तिले कुठं सुध होती? पार्टी आली, फडकं पाहून मुकी गेली. लोकाईले वाटलं, मयत झालं म्हणून मुके गेले. बस, तवापासून तेच चालू." काका परातीकडे पाहत होते. "मार्था दरवर्षी म्हणे, हे उलटं होऊन राहिलं. जिथं माणूस गेला तिथं तं पहिले गायले पायजे. मीच म्हणो, जाऊ दे ना, लोकाईले बरं वाटते तं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पेटी कायले देली तुले? उंदरासाठी? वाटलं, पार्टीसंग पेटी दाराशी येईन. वाजन. एवढंच पायजे होतं मले."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. "आम्ही आज येतो काका, आत्ता बोलावते सगळ्यांना," असं काहीतरी बोलून उठले, तर त्यांनी हात आडवा केला.

"नाई. माह्या एकट्याच्या घरी येऊन गाल, तं ते गाणं नोहोय, दया होय. ते नाई पायजे मले. जा तू."

त्या दिवसापासून काकांचं दार बंद झालं. संध्याकाळी कोपऱ्यावर शेकोटी पेटायची तिथं ते येईनात. आईचा डबा दुसऱ्या दिवशी ओट्यावर मिळायचा, धुऊन पालथा घातलेला, पण आतलं आमच्या मोत्या कुत्र्यानं खाल्लेलं. मुलाचा भिलाईहून निरोप आला, बाबांना घेऊन जातो. काकांनी हो म्हटलं असं व्हिक्टरनं सांगितलं तेव्हा आम्ही हबकलोच. एखादी रीत कुठून आली ते शोधताना मला नेहमी मौज वाटत आली होती. एखादी रीत एका जिवंत माणसाला असं त्याच्याच दाराआड कोंडू शकते हे मला माहीत नव्हतं.

आमच्या चुलीपाशी बसून आम्ही तिघं डोकं खाजवत होतो. एकट्या काकांकडे जायचं नाही, ते त्यांना चालणार नाही. सगळ्यांकडे जायचं, तर नाताळची फेरी होऊन गेलेली.

"मंग पुन्हा साऱ्याइच्या घरी जाऊ," मिलिंद म्हणाला.

"कोणत्या कारणानं?" व्हिक्टर म्हणाला. "सहा तारखेले आमी चांदणी उतरवतो. त्याच्यानंतर नाताळचं गाणं कोणी गात नाई."

"काहून नाई गात?" मी विचारलं. अर्थातच.

"ते मले काय माहीत?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "संक्रांत आहे ना. तिळगूळ घेऊन कोणीबी कोणाच्याबी घरी जाते. त्याले कोण इचारते, काहून आला म्हणून?"

झालं. कारण सापडलं. पण संक्रांतीला घरोघर जायचं, तर नुसतं नाताळचं गाणं कसं चालेल? मग टाकीखाली जमलेली ती तीन गाण्यांची साखळी आम्ही काढली आणि घासूनपुसून बसवली. पाहुणा, भुलाबाई, जयंती. चाल एक, बोल तीन. मिलिंद प्रत्येक वळणावर ढोलकाची लय जरा बदलायचा, तेवढ्यानंच ऐकणाऱ्याला कळायचं की आता आपण दुसऱ्या अंगणात आलो. व्हिक्टरनं गिटारचे कान शेगडीवर गरम करून पाहिले. ते चुकलंच, पण आम्ही हसून हसून लोळलो. काकू गेल्यानंतर लाईनपारच्या त्या टोकाला इतकं हसू पहिल्यांदाच ऐकू आलं, असं आई नंतर म्हणाली.

आमचा बँड तिथं सुरू झाला. बँड हा शब्द आता वापरते, तेव्हा आम्ही 'लाईनपार म्युझिकल पार्टी' होतो. पुढची कितीतरी वर्षं आम्ही शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजवलं, हळदीकुंकवाला वाजवलं, जयंतीला वाजवलं, लग्नांत तर विचारू नका. सिनेमाची गाणी आली, अकॉर्डियन आलं, एक लाल चकचकीत ड्रमसेट आला. सुरुवात मात्र कुठेही त्याच तीन गाण्यांनी व्हायची. आणि संक्रांतीची फेरी कधी चुकली नाही. मी लग्न होऊन धंतोलीला आले, पार्टीतली माणसं बदलली, फेरी चालूच राहिली. बऱ्याच वर्षांनी आमच्या शाळेत एक नवा मास्तर आला, लाईनपार राहणारा. मला उत्साहानं सांगायला लागला, "मॅडम, आमच्याकडे संक्रांतीला घरोघर गात जायची फार प्राचीन प्रथा आहे. राजांच्या वेळची." त्यानं दोन पुरावेही दिले. मी ते खोडून काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. तो ती गोष्ट किती विश्वासानं सांगत होता.

परवा समोरची चांदणी पाहून मी पुन्हा त्याच प्रश्नावर आले आहे. रीत म्हणजे काय असतं? एका बाईनं झोपलेल्या नवऱ्यासाठी ओठांवर बोट ठेवलं, आणि तेवढं बोट सगळ्या वस्तीनं उचललं. बोट कशासाठी होतं ते मात्र कुणी जपलं नाही. वर्गात मुलांना मी शिकवत असे की कारण आधी आणि परिणाम नंतर. लाईनपारला उलटं दिसलं. परिणाम शिल्लक होता, आणि कारणं लोक आपापल्या घरून घेऊन येत होते. वाईट होतं असंही म्हणवत नाही. आम्हीही संक्रांतीला तेच केलं.

त्या संक्रांतीची दुपार अजून लख्ख आठवते. हवा कोरडी आणि उन्हाला नुसती धार. आईनं काळी चंद्रकळा नेसून डब्यात तिळाचे लाडू भरून दिले होते. गच्च्यांवर, टाकीवर, जिथं पाय ठरेल तिथं माणसं चढलेली, हातांत मांजाच्या चक्र्या, आणि दर दोन मिनिटांनी पतंग कटला की कुठून तरी "ओऽऽ पार!" अशी आरोळी. आम्ही आधी ठरवल्याप्रमाणे फेरीतलं पहिलं घर काकांचं धरलं. दार आतून बंद होतं. ओट्यावर बांधलेला होल्डॉल होता. भिलाईची गाडी उद्याची होती.

व्हिक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी भाता ओढला. थंडीचा पाहुणा म्हटला. दार उघडलं नाही. न थांबता भुलाबाईवर आलो. गच्चीवरच्या बायका पतंग सोडून खाली वाकून पाहू लागल्या आणि दोघीतिघींनी वरूनच सूर धरला. दार उघडलं नाही. जयंतीचं गाणं आलं, मिलिंदनं ढोलक असं उचललं की शेजारच्या गच्चीवरचा पतंग कटला तरी त्याच्या मालकाचं लक्ष नव्हतं. गाणं संपलं. दार बंदच होतं.

"चाल वं," व्हिक्टर हळूच म्हणाला. "नाई म्हणतात काका."

पण दार उघडेपर्यंत पुढं जायचं नाही ही रीत मला तेव्हा कुठल्याही कारणाशिवाय पटली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एकटीनंच. दुसऱ्या ओळीला मिलिंद आला, तिसरीला व्हिक्टर.

कडी खणकन वाजली. दारात काका. बनियनवर, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालावर साबण आणि हातात वस्तरा.

"थांबा ना गा थोडे!" ते ओरडले. "दाढी तं करू द्या. किती दिवसाची वाढली आहे. तिच्या पेटीसमोर असाच येऊ काय?"

आम्ही थांबलो. म्हणजे गायचे थांबलो नाही, तेच कडवं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग काका आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा कोट. डोळे लाल होते आणि ते त्यांनी आमच्यापासून लपवले नाहीत. गाणं पूर्ण होईपर्यंत उंबऱ्यात उभे राहून पेटीकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. संपल्यावर आईचा लाडू घेतला, तोंडात टाकला. मग होल्डॉल पायानं आत सरकवला, चपला घातल्या, दार नुसतं ओढून घेतलं आणि आमच्या पुढे चालू लागले.

"पुढच्या घरी आवाज वर धरा," मागं न वळता ते म्हणाले. "म्हातारीले कमी ऐकू येते."